जुन्या गिटार ॲम्पचं फाटलेलं रेक्झिन: जोडायचं कसं, बदलायचं कधी

ॲम्पच्या पेटीच्या कोपऱ्यावर रेक्झिनचं टोक सुटलेलं दिसलं, की हात आपोआप ते धरून ओढायला जातो. ओढू नका. पन्नास-साठ वर्षांचं रेक्झिन वरून धड दिसतं, पण लाकडावरची त्याची पकड आतून सैल झालेली असते. बोटभर सुटलेलं टोक ओढलं की वीतभर निघतं, तेही ताणून, आणि ताणलेलं रेक्झिन मूळ जागी बरोबर बसत नाही. त्या टोकावर कागदी मास्किंग टेपचा तुकडा हलकेच लावून ठेवा आणि आधी पूर्ण पेटी फिरवून बघा.

गिटारवाले ज्याला टोलेक्स म्हणतात, ते अमेरिकेतलं एक व्यापारी नाव. आपल्याकडे सीट कव्हरवाल्यापासून ऑर्केस्ट्रावाल्यापर्यंत सगळे रेक्झिनच म्हणतात. तेही मुळात नावच आहे. इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या हाइड गावातली रेक्झिन कंपनी सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन नकली चामडं करायची. आज दुकानात मिळतं ते कापडावर पीव्हीसीचा थर दिलेलं. फेंडर या अमेरिकन ॲम्प कंपनीनं १९५० च्या दशकात पेट्यांना ट्वीड, म्हणजे तिरप्या विणीचं सुती कापड लावलं आणि १९६० च्या सुमारास ती व्हिनाइलकडे, म्हणजे पीव्हीसीकडे वळली. हा इतिहास कामाचा आहे, कारण प्रत्येक थर वेगळा वागतो. ट्वीड पाणी पितं, नायट्रोसेल्युलोज ॲसिटोननं विरघळतं, पीव्हीसी थिनरनं आधी चिकट आणि मग कडक होतं. पण तिन्हींत एक गोष्ट सारखी: लाकडाला चिकटलेलं असतं ते कापड, वरचा थर नव्हे. मागचं कापड शाबूत असेल तर जवळजवळ कुठलंही रेक्झिन वाचवता येतं. कापड कुजलं असेल तर वरचा थर कितीही चकचकीत असला तरी त्यात जीव उरलेला नसतो.

म्हणून ठरवताना कापड बघा. सुटलेल्या जागी चिमटीत धरून हळूच वाकवा. घडीवर पांढरी रेघ आली आणि सोडल्यावर गेली, तर ठीक. रेघेवर चीर पडली, पापुद्रे निघाले, किंवा मागचं कापड बोटाला भुशासारखं लागलं, तर तेवढा भाग गेला. हा भाग पेटीच्या एका बाजूपुरता असेल तरी दुरुस्तीच करा. जुन्या फेंडर, मार्शल, व्हॉक्स ॲम्पला मूळ आवरणासह जी किंमत येते ती नव्या आवरणासह येत नाही, मग काम कितीही सफाईचं असो. झिजलेले कोपरे, सिगारेटचा डाग, टेम्पोत घासलेली बाजू हे त्या ॲम्पचं वय आहे, बिघाड नव्हे. पूर्ण सोलायचं ते तीनच वेळा: कापड सगळीकडे कुजलंय, सांधे निखळल्यामुळे पेटीच खोलावी लागणार आहे, किंवा पेटी पुरात बुडालीय.

पुराचं आपल्या भागात वेगळं सांगायला हवं. २००५, २०१९ आणि २०२१ ला कृष्णाकाठच्या घरांत, दुकानांत पाणी शिरलं तेव्हा तळमजल्यावरची वाद्यं आणि पेट्याही भिजल्या. अशा पेटीचं रेक्झिन वरून पुसलं की नवं दिसतं, पण पीव्हीसीतून वाफ बाहेर पडत नाही. आतलं लाकूड महिनोन्महिने ओलं राहतं आणि कापडावर काळी बुरशी धरते. नाक लावून बघा. कुबट वास येत असेल तर सोलावंच लागेल. फेंडरच्या जुन्या पेट्या भरीव पाइन फळ्यांच्या असतात, त्या सावलीत सावकाश सुकवल्या तर वाचतात. प्लायचे थर सुटले असतील तर त्यात पातळ केलेला फेविकॉल सोडून शिकंज्यात आवळता येतात. पार्टिकल बोर्ड मात्र एकदा फुगला की परत बसत नाही. ती फळी सुताराकडून नवीन करून घ्यायची आणि मगच रेक्झिनचा विचार करायचा.

काम छोटं असो की मोठं, आधी आतली यंत्रणा बाहेर काढा. व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या नळ्यांचा ॲम्प असेल तर हा भाग हलक्यात घेऊ नका. प्लग काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरांत ३५० ते ४५० व्होल्ट भरलेले राहू शकतात आणि तो झटका जिवावर बेततो. हे काम येत नसेल तर व्हॉल्व्हचे ॲम्प हाताळणाऱ्या मेकॅनिककडून चॅसी, म्हणजे सर्किटचा पत्र्याचा सांगाडा काढून घ्या, ते खर्चाचं काम नाही. येत असेल तर आधी सगळ्या वायरींचे फोटो, मग स्पीकरचा प्लग, व्हॉल्व्ह क्रमाने काढून नंबर घालून कापडात, रिव्हर्बची (प्रतिध्वनी देणाऱ्या स्प्रिंगांची) पिशवी, शेवटी चॅसी. स्पीकरचा कोन, म्हणजे शंकूसारखा पडदा, कागदी असतो. स्क्रू ड्रायव्हर चुंबकाकडे ओढला जाऊन थेट कोनमधून आरपार जातो, म्हणून स्पीकरच्या बाजूचे स्क्रू सोडताना दुसरा तळहात कोनच्या आड धरा. पेटीच्या आत, व्हॉल्व्हच्या वरच्या बाजूला, उष्णतेसाठी लावलेला राखाडी-पांढरा पुठ्ठ्यासारखा तक्ता दिसला तर त्याला हात लावू नका, घासू नका. जुन्या पेट्यांत त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो. आतून लावलेला ॲल्युमिनियमचा कागदही तसाच ठेवा. तो घरघर अडवायला आहे आणि चॅसीला टेकलेला असावा लागतो. त्यावर रेक्झिन किंवा गोंद गेला तर पेटी सुंदर होईल आणि ॲम्प घोंघावत बसेल.

स्वच्छता

चिकटवण्याआधी धुणं, कारण हाताचं तेल, सिगारेटचा थर आणि कुणीतरी कधीतरी मारलेलं पॉलिश यांवर कुठलाच गोंद धरत नाही. कोमट पाण्याच्या वाटीत भांडी घासायच्या लिक्विडचे ४-५ थेंब, जुना मऊ टूथब्रश, आणि दोन फडकी. एकानं घासायचं, दुसऱ्या पिळलेल्यानं लगेच टिपायचं. एका वेळी तळहाताएवढीच जागा. पाणी शिवणीत शिरता कामा नये. पेट्रोल, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर वर्ज्य. स्पिरिटही नको, कारण पीव्हीसीला मऊ ठेवणारं द्रव्य ते बाहेर खेचतं. चमक आणायला खोबरेल किंवा डॅशबोर्डचा सिलिकॉन स्प्रे मारू नका. सिलिकॉन एकदा कापडात उतरलं की त्या जागी पुढे गोंद धरायचं नाव घेत नाही.

मिरवणुकीत वाजलेल्या पेटीवर गुलाल असतोच, आणि तो दाण्यादाण्यात बसलेला असतो. गुलालावर थेट ओलं फडकं फिरवलं तर रंग सुटून आत मुरतो. आधी कोरडा रंगाचा ब्रश आणि व्हॅक्युम, तोही दोन-तीनदा, रंग यायचा पूर्ण थांबेपर्यंत. मगच साबणपाणी. हळदीचं उलटं आहे. सांगलीत हळदीची धूळ कुठं लागत नाही असं नाही, आणि क्रीम रंगाच्या पेटीवर तिचा पिवळा डाग साबणानं जात नाही. तो उन्हानं जातो. हळदीतलं रंगद्रव्य उजेडात तुटतं. डाग साबणानं पुसून पेटी सकाळच्या ८ ते १० च्या कोवळ्या उन्हात तीन-चार दिवस ठेवा. दुपारच्या उन्हात नको, एप्रिल-मेच्या तापात रेक्झिन मऊ पडून शिवणीशी आकसतं.

सुटलेली कड

शिवणीच्या आणि तळाच्या कडा सर्वांत आधी सुटतात. कारण सरळ आहे: काळाबरोबर पीव्हीसी आकसतं आणि सगळा ताण कडेवर येतो. इथं डबाभर गोंद लागत नाही. सुट्या कडेखाली टूथब्रश फिरवून जुना गोंद, धूळ झाडा. जुना गोंद ठिसूळ, काचेसारखा, तपकिरी असेल तर तो बहुधा सरस, म्हणजे जनावरांच्या कातडी-हाडांपासूनचा गोंद; पिवळट आणि रबरासारखा ओढला जात असेल तर रबरी सोल्युशन. दोन्ही काढलेले बरे. नव्या गोंदाला लाकूड आणि कापड दिसायला हवं.

छोट्या कडेला पांढरा फेविकॉल उत्तम चालतो. तो सच्छिद्र वस्तूंनाच धरतो, आणि इथं एकीकडे लाकूड, दुसरीकडे सुती कापड आहे. दुसरा फायदा म्हणजे तो सावकाश वाळतो, त्यामुळे कड सरकवून बरोबर जागी आणता येते. सुई काढलेल्या सिरिंजनं किंवा आइस्क्रीमच्या काडीनं पातळ थर द्या, हेअर ड्रायरनं रेक्झिन कोमट करा, बोटानं कडेकडे दाबत आणा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्यानं लगेच पुसा. वर बटर पेपर, त्यावर सपाट लाकडाची पट्टी, त्यावर शिकंजा. पट्टी न घालता शिकंजा आवळला तर रेक्झिनच्या दाण्यांवर कायमचा गोल छाप उठतो. १२ तास तसंच. गोल कोपऱ्यावर शिकंजा बसत नाही, तिथं सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून पेटीभोवती ताणून गुंडाळा. ती चारी बाजूंनी सारखा दाब देते.

आकसल्यामुळे शिवणीत दोन-तीन मिलिमीटरची फट पडली असेल तर रेक्झिन ओढून ती मिटवायचा हट्ट धरू नका. आज मिटते, उन्हाळ्यात दुसरीकडे उकलते. फटीत दिसणारं लाकूड काळ्या ॲक्रिलिक रंगानं बारीक ब्रशनं रंगवा, हातभर अंतरावरून दिसत नाही. काळा परमनंट मार्कर वापरू नका. काही महिन्यांत तो जांभळट पडतो आणि मग नजर तिथंच जाते.

चीर आणि गेलेला तुकडा

सरळ चीर असेल आणि दोन्ही कडा शाबूत असतील, तर चिरेखालून कापडाचं अस्तर सरकवायचं. जुन्या धोतराचं किंवा मलमलीचं पातळ कापड घ्या. मांजरपाट जाड होतं, वरून फुगवटा दिसतो. चिरेपेक्षा सगळीकडून १ सेंटिमीटर मोठं कापा. त्यावर दोन्ही बाजूंनी फेविकॉल लावून काडीनं चिरेतून आत ढकला, सपाट करा, मग दोन्ही कडा एकमेकींना टेकवून दाबा. एकावर एक चढवू नका. वर बटर पेपर आणि वजन. वाळल्यावर राहिलेल्या केसाएवढ्या रेषेत काळा ॲक्रिलिक.

तुकडाच गेला असेल तर जोड त्याच पेटीतून घ्या. मागच्या फळीची आतली घडी, तळाखालची पट्टी, चॅसीमागे लपलेली कड अशा जागी तोच रंग, तोच दाणा, त्याच वयाचं रेक्झिन मिळतं. नव्या रेक्झिनचा काळा आणि साठ वर्षांचा काळा दुकानाच्या ट्यूबलाइटखाली सारखे वाटतात. उन्हात नेले की जुना हिरवट किंवा तपकिरी निघतो.

आता कापायचं कसं, हे नीट बघा, कारण पुढे पूर्ण पेटीच्या कोपऱ्यावरही हीच युक्ती लागते. भोक मोजून तेवढा तुकडा कापायचा नाही. तो कधीच तंतोतंत बसत नाही. भोकापेक्षा मोठा तुकडा घ्या, दाण्याची दिशा जुळवा, भोकावर ठेवून मास्किंग टेपनं चारी बाजूंनी पक्का करा. नवं पातं लावलेला कटर आणि स्टीलची पट्टी घेऊन, भोकाच्या थोडं बाहेरून, वरचा तुकडा आणि खालचं जुनं रेक्झिन एकाच घावात कापा. कटर सरळ उभा धरा, तिरका झाला तर खालचा आणि वरचा आकार वेगळा निघतो. चारी काप झाले की टेप सोडा, वरचं जास्तीचं काढा, खालची भोकाभोवतीची फाटकी कड उचला. आता जो खड्डा उरला आणि जो तुकडा हातात आहे, ते एकाच पात्याचे आहेत. गोंद लावून बसवला की नख फिरवल्यावरच जोड कळते. चौकोनी काप नजरेत भरतो, म्हणून शक्य असेल तिथं काप पेटीच्या कडेला किंवा पत्र्याच्या कोपऱ्याखाली नेऊन संपवा.

पूर्ण बदलायचं असेल तर

रेक्झिन घ्यायला गाडीच्या सीट कव्हरवाल्याकडे किंवा सोफावाल्याकडे जा, पण सीटसाठी असतं ते सगळं चालत नाही. मागे फोम चिकटवलेलं नको; कडेवर दबतं आणि कोपऱ्यात गोळा होतं. मागे विणलेलं सुती कापड असेल असं मागा. बनियनसारखं ताणणारं विणकाम असेल तर सपाट भागावर ताणून लाटा येतात. जाडी ०.८ ते १ मिलिमीटर. दुकानदार पीयू लेदर मऊ म्हणून पुढे करील. ते दमट हवेत काही वर्षांत पापुद्रे सोडतं, आणि महाबळेश्वर, पाटण, कोयनेकडच्या पावसात तर लवकरच. पीव्हीसीच घ्या. तुकडा मागून घेऊन घडी घाला, नखानं दाबा, सोडा. घडी राहिली तर कोपऱ्यावरही राहील. मूळ दाण्याशी तंतोतंत जुळणारं हवं असेल तर बाहेरून टोलेक्स मागवावं लागतं. वाजवायच्या पेटीला इथलं चांगलं रेक्झिन पुरेसं आहे.

माप. समजा पेटी ६२ सेंटिमीटर रुंद, ४५ उंच, २५ खोल आणि फळी २ सेंटिमीटर जाड आहे. एक लांब पट्टी डावी बाजू, माथा, उजवी बाजू अशी जाते आणि दोन्ही टोकं तळाखाली ५-५ सेंटिमीटर वळतात: ४५ + ६२ + ४५ + १० = १६२ सेंटिमीटर. रुंदी: २५, अधिक पुढे-मागे प्रत्येकी फळीची जाडी २ आणि आत वळायला ५, म्हणजे ३९, छाटायला धरून ४०. तळाचा तुकडा ६२ बाय ४०. रेक्झिनचा पन्हा साधारण ५४ इंच, म्हणजे १३७ सेंटिमीटर असतो. लांब पट्टी लांबीच्या दिशेनं काढली की शेजारी तळ आणि मागच्या फळ्या सहज बसतात. २ मीटर घ्या. सगळे तुकडे एकाच दिशेनं काढा, नाहीतर दाण्यावर उजेड वेगळा पडतो आणि मागची फळी दुसऱ्याच पेटीची वाटते. गोंद म्हणून एसआर ९९८ सारखं रबरी सोल्युशन, १ लिटर. लाकडाला दोन हात लागतात, म्हणून अर्ध्या लिटरवर भागवायला जाऊ नका.

जुनं सोलताना हेअर ड्रायरनं तळहाताएवढी जागा गरम करा आणि रेक्झिन वर न उचलता, स्वतःवरच मागे वळवून सावकाश ओढा. असं ओढलं की लाकडाच्या शिरा त्याच्याबरोबर उचलल्या जात नाहीत. हीट गन असेल तर ती सतत हलती ठेवा. पीव्हीसी जळू लागलं की घसा जाळणारा आम्लाचा धूर येतो. तसा वास आला की थांबा आणि बाहेर जा. सरस लावलेला असेल तर गरम पाण्यात पिळलेलं फडकं १० मिनिटं ठेवा, तो मऊ होतो. पण दातेरी सांध्यांवर ओलं फडकं ठेवू नका, सांधेही सरसानंच जोडलेले असू शकतात. मिरजेच्या सतारमेकरांच्या गल्लीत सरस अजून ओळखीचा आहे. सांधा ढिला असेल तर अशा हातांना दाखवून घ्या. सोललेलं रेक्झिन टाकू नका: नव्याचा तोच आराखडा आहे.

मग लाकूड. इथं घाई केली की पुढचं सगळं वाया, कारण रेक्झिन काही लपवत नाही, उलट दाखवतं. वाळूचा एक कण खाली राहिला तरी वर मुरुमासारखा दिसतो. उरलेला गोंद पटाशीच्या पाठीनं खरवडा आणि थिनरच्या फडक्यानं पुसा. गोंदावर थेट पॉलिश पेपर चालवला तर दोन मिनिटांत कागद भरून गुळगुळीत होतो. खड्डे, दातेरी सांध्यांच्या फटी गाडीच्या पुट्टीनं, म्हणजे दोन भाग मिसळून घट्ट होणाऱ्या लांबीनं भरा. भुसा-फेविकॉलची लांबी वाळताना बसते आणि सहा महिन्यांनी खड्डा परत वर दिसतो. भिंतीची पांढरी लांबी तर नकोच: ती पीठासारखी सुटते आणि गोंद तिच्यासकट निघतो. ८० नंबरनं सपाट, १२० नं गुळगुळीत. त्याहून बारीक घासायची गरज नाही, गोंदाला थोडा खरखरीतपणा लागतो. धारदार कडा मूळ गोलाईएवढ्या गोल करा, साधारण १२ मिलिमीटर त्रिज्या. धूळ व्हॅक्युमनं काढा, मग तळहात फिरवून बघा. डोळ्यांना न दिसणारं तळव्याला कळतं.

गोंद लावायचा दिवस निवडा. श्रावणातला नको. सोल्युशनमधलं द्रव उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि दमट हवेतली वाफ त्यावर साचते. वर पांढुरकी झाक येते आणि गोंद वाळल्यासारखा दिसूनही धरत नाही. दिवाळीनंतर होळीपर्यंतचे कोरडे दिवस सर्वांत चांगले. खिडक्या उघड्या, पंखा बाहेरच्या दिशेला, आणि त्या खोलीत देवघरातला दिवा, उदबत्ती, गॅस काहीही पेटलेलं नको. सोल्युशनमधल्या द्रवाची वाफ जमिनीलगत साचते आणि भडकते.

लाकडाला पहिला पातळ हात द्या. तो लाकूड पिऊन टाकतं. अर्ध्या तासानं दुसरा. रेक्झिनच्या कापडाला एकच, पण कडेपर्यंत. १५-२० मिनिटांनी बोटाची पाठ टेकवा. गोंद चिकटला नाही, पण ओढ जाणवली, तर वेळ झाली. याआधी जोडलं तर आत अडकलेलं द्रव उन्हात फुगून फोड येतात. रेक्झिनच्या फोडांचं बहुतेक वेळा हेच कारण असतं. दोन्ही गोंद एकदा टेकले की सरकवता येत नाहीत, म्हणून मध्ये बटर पेपर घाला.

रेक्झिनच्या मागे आणि पेटीच्या माथ्यावर पेन्सिलीनं मध्यरेषा काढा. माथ्यावर बटर पेपरचे दोन तुकडे, मध्ये बोटभर फट ठेवून अंथरा. रेक्झिनची मध्यरेषा त्या फटीवर जुळवून दाबा. आता एका बाजूचा कागद चार-चार बोटं सरकवत, मधून कडेकडे तळव्यानं आणि मग लाटण्यानं दाबत जा. लाटणं कापडात गुंडाळलेलं असावं. कडेवरून वळताना रेक्झिन ड्रायरनं कोमट करा आणि गोलाईवर अंगठ्यानं बसवा. ओढून ताणायचं नाही, फक्त सैल राहू द्यायचं नाही. बाजू झाल्या की टोकं तळाखाली, मग तळाचा तुकडा. पट्टीच्या टोकांवर तळ थोडा चढवून दोन्ही थर एकाच घावात कापा आणि खालचं जास्तीचं काढा, म्हणजे तळाला गाठ राहणार नाही आणि पेटी डुगडुगणार नाही.

पुढच्या-मागच्या तोंडाचे कोपरे हाच या कामातला कस आहे. माथ्याची कड आणि बाजूची कड आत वळताना कोपऱ्यात रेक्झिन जास्त होतं. आधी माथ्याची कड फळीच्या जाडीवर दाबा, कोपऱ्यात कानासारखं उभं राहिलेलं राहू द्या. मग बाजूची कड तिच्यावर चढवा. बाहेरच्या कोपऱ्यापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत ४५ अंशात पट्टी ठेवा आणि दोन्ही थर एका घावात कापा. वरचा कान निघून येईल, वरची कड उचलून खालचा कानही काढा, परत दाबा. दोन कडा आता रेषेत भेटतात. बाहेरच्या टोकापाशी काप थेट कडेपर्यंत नेऊ नका, २-३ मिलिमीटर आधीच थांबा. तेवढं गरम करून ताणून बसवायचं, नाहीतर टोकाला लाकूड उघडं पडतं. पत्र्याचे कोपरे असतील तर ते टोक झाकलं जातं. जिथं पत्रा नाही तिथं ही दोन मिलिमीटरची चिकाटीच काम दाखवते.

मागच्या फळ्या चढवण्याआधी रेक्झिनशिवाय पेटीत बसवून बघा. प्रत्येक बाजूला दीड-दोन मिलिमीटरची मोकळीक हवी. जुन्यापेक्षा नवं रेक्झिन जाड असेल तर फळी आत जात नाही आणि जोर केला की नव्या कडा सोलल्या जातात. मोकळीक कमी असेल तर फळीची कड रंध्यानं उतरवा. ग्रिलच्या कापडाच्या फळीलाही हेच.

फोड दिसला तर घाबरू नका. दुसऱ्या दिवशी बारीक सुईनं कडेला एक टोच द्या, ड्रायरनं गरम करा, हवा टोचेकडे दाबत आणा आणि लाटणं फिरवा. आतला गोंद गरम झाला की बहुतेक वेळा परत धरतो. फोड अंगठ्याहून मोठा असेल तर सिरिंजनं दोन थेंब सोल्युशन सोडून, वाळू देऊन, मग दाबा.

किमान २४ तास पेटीला हात लावू नका. हँडल, पाय, कोपरे आणि चॅसीच्या स्क्रूची भोकं बाहेरून मोजून पाडू नका. आतून जुन्या भोकातून टोच्या घालून बाहेर काढा, म्हणजे भोक आपोआप जागेवर येतं. प्रत्येक भोकाभोवतीचं रेक्झिन कटरनं स्क्रूएवढं गोल काढा; तसाच स्क्रू फिरवला तर रेक्झिन त्याच्याभोवती पीळ घेऊन सुरकुततं. स्पीकर आधी जोडा, मग चॅसी, मग व्हॉल्व्ह नंबराप्रमाणे. स्पीकरशिवाय व्हॉल्व्हचा ॲम्प क्षणभरही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. अमेरिकन ११७ व्होल्टचा असेल तर व्होल्टेज उतरवणारा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावलाय का ते प्लग घालण्याआधी बघा. जुन्या रेक्झिनचा हातभर धड तुकडा पाकिटात घालून मागच्या फळीच्या आत, व्हॉल्व्हच्या उष्णतेपासून लांब, टाचणीनं लावून ठेवा. पुढच्या दुरुस्तीला रंग आणि दाणा त्याच्यावरून जुळवता येईल.